विषय एकत्र शिकवायचे म्हणजे नेमके काय करायचे? सुरुवात पर्जन्यमापकापासून

प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत चौथी-पाचवीचा जोडवर्ग सांभाळणाऱ्या ताई विचारतात, की एकात्मिक अध्यापन, कृतीतून शिक्षण हे सगळे प्रशिक्षणात ऐकले, वर्गात करूनही पाहिले. ‘पाणी’ हा विषय घेतला, कविता म्हटली, चित्रे काढली, घोषवाक्यांचा तक्ता केला, पाण्याच्या बाटल्यांची बेरीज-वजाबाकी घेतली. मुले खूश होती. पण दोन आठवड्यांनी पाहिले तर गणित होते तिथेच आणि धडे मागे पडलेले. अभ्यासक्रम पुरा करून हे जमवायचे कसे, आणि मूल्यमापनाच्या नोंदवहीत ते दाखवायचे कुठे?

ताई, तुमच्या त्या दोन आठवड्यांत विषय शेजारी शेजारी बसले होते, एकमेकांच्या उपयोगी पडत नव्हते. बाटल्यांऐवजी आंबे घेतले असते तरी ती बेरीज तशीच झाली असती. घोषवाक्ये लिहिण्यासाठी पाण्याबद्दल नवे काही कळावे लागले नाही. सगळ्यांवर ‘पाणी’ हे नाव होते, एवढाच संबंध. सगळ्या विषयांचे धडे एका जिल्दीत बांधले म्हणून विषय एकात्म होत नाहीत, तसेच हे.

उपक्रम ठरवताना मी एक कसोटी लावते. त्यातले गणित काढून टाकले तर काम अडते का? लिहिणे-वाचणे काढले तर अडते का? अडत नसेल, तर तो विषय चिकटवलेला आहे आणि तो वेगळ्या तासाला शिकवलेलाच बरा. अडत असेल, तर तो विषय मुले मागून घेतात. ‘आता दशांश अपूर्णांक’ असे तुम्हाला फळ्यावर लिहावे लागत नाही, कारण कुणीतरी येऊन विचारते, “बाई, पाणी सात आणि आठच्या मधे आहे, काय लिहू?”

तुमच्या गावासाठी मी पाऊस मोजण्याचे काम निवडेन. खर्च जवळजवळ शून्य, जूनच्या शाळेच्या पहिल्या आठवड्यात सुरू करता येते, आणि गावातल्या प्रत्येक घराला त्यात रस असतो.

दोन लिटरची थंड पेयाची रिकामी बाटली घ्या. मानेकडे निमुळती व्हायला लागते तिथे कापा आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, तिथे मोजमाप चुकते. म्हणून तळाशी खडे टाका, सरळ भिंत सुरू होते त्याच्या थोडे वरपर्यंत पाणी भरा, तिथे शून्याची रेघ मारा. पट्टी बघून कागदावर मिलिमीटरच्या खुणा करायच्या, कागद बाहेरून चिकटवायचा, वर पारदर्शक चिकटपट्टी. बाटली वाऱ्याने पडू नये म्हणून विटांच्या मधे ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर मापक हवा. यातले प्रत्येक काम मुलांनी करायचे. तुम्ही कात्री तेवढी सांभाळा.

एक मापक करू नका, चार करा. एक मुद्दाम कडुलिंबाखाली ठेवा, एक छपराच्या कडेला, दोन मोकळ्या मैदानात. पहिल्या पावसानंतर चौघांचे आकडे वेगळे येतील आणि वर्गात भांडण लागेल: खरा पाऊस कुणाचा? ते मिटवायची घाई करू नका. मोकळ्यातली दोन जवळजवळ सारखी का आली आणि कडुलिंबाखालचे कमी का आले, याचे उत्तर मुले स्वतः शोधतात. पावसाच्या दिवशी झाडाखाली उभे राहून पाहतात, पाने आधी भिजतात आणि मग ठिबकतात हे बघतात. परिसर अभ्यासात ‘निरीक्षण करा’ म्हणून जे लिहिलेले असते ते हेच.

आता मुख्य अडचण. बहुतेक शाळांमध्ये या पायरीवरून उडी मारली जाते, म्हणून इथे थोडे सावकाश. पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात? पाणी तर लिटरमध्ये मोजतात. मुलांना हे खटकते आणि ते खटकायलाच हवे. व्याख्या सांगू नका. सरळ भिंतींची लहान-मोठी भांडी गोळा करा: पत्र्याचा डबा, पातेले, बादलीऐवजी सरळ कडेचा डबाच, स्टीलचा ग्लास निमुळता असेल तर तो नको. सगळी एका पावसात उघड्यावर ठेवा. नंतर प्रत्येकातले पाणी आधी मापाने मोजा, मग पट्टी बुडवून उंची मोजा. पाणी प्रत्येकात वेगळे, उंची जवळजवळ सारखी. हे पाहिल्यावर एखादे मूल आपणहून म्हणते, की डबा केवढाही असू दे, पाऊस तेवढाच. मिलिमीटर का, हे तिथे संपले.

पुढची पायरी कार्डशीटच्या घडणीची, म्हणजे दुमडल्यावर खोका होईल अशा सपाट आकृतीची. दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, पाच उंच असा उघडा खोका मुलांनी घडणी काढून, कापून, दुमडून करायचा. आत प्लास्टिकची पिशवी अंथरायची. औषधाच्या बाटलीवरचे दहा मिलीचे टोपण सगळ्यांच्या घरी असते. एक टोपण पाणी ओतले तर हिशेबाने एक मिलिमीटर उंची यायला हवी. पण एवढे पाणी तळावर सारखे पसरत नाही, गोळा होऊन बसते. म्हणून दहा टोपणे ओता, एक सेंटिमीटर उंची येते का बघा आणि दहाने भागा. आता वर्गाच्या फरशीवर खडूने एक मीटर लांब-रुंद चौरस आखा. त्यात असे किती खोके मावतील? मुले आधी अंदाज करतात, बहुतेक जण वीस-तीसच्या आत सांगतात. मग ओळी मोजतात: दहाच्या दहा ओळी, शंभर. शंभर खोके, प्रत्येकात एक टोपण, म्हणजे हजार मिली, म्हणजे एक लिटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला तर एक लिटर पाणी. हे वाक्य मुलांनी फरशीवर बसून मिळवलेले असते, ते विसरत नाहीत. परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला गोंधळही इथेच सुटतो, कारण चौरसाची कड मोजली तर खोके किती बसतील ते कळत नाही.

मग शाळेचे छप्पर. बाहेरून भिंती मोजा. समजा नऊ मीटर बाय सहा मीटर, म्हणजे ५४ चौरस मीटर. एखाद्या दिवशी २० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५४ गुणिले २० म्हणजे १,०८० लिटर पाणी छपरावर पडले. शाळेच्या हजार लिटरच्या टाकीकडे बोट दाखवायचीही गरज पडत नाही. माण तालुक्यासारख्या भागात, जिथे मुलांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेली असते, तिथे हा आकडा ऐकून वर्ग काही क्षण बोलत नाही, आणि मग सगळे एकदम बोलतात.

इथून भाषा सुरू होते, आणि ती निबंधाची भाषा नसते. पन्हळ लावून पाणी टाकीत घ्यायचे असेल तर कुणाला सांगायचे? शाळा व्यवस्थापन समितीला पत्र. पत्रात काय हवे? किती पाऊस पडला याचा तक्ता, छपराचे माप, किती पाणी वाहून जाते याचा हिशेब, पन्हळ आणि पाइप किती मीटर लागेल आणि दुकानात त्याचा दर काय. दर विचारायला मुलांनीच दुकानात जायचे. औपचारिक पत्राचा मायना, विषय, मुद्द्यांचा क्रम हे सगळे शिकवताना एरवी मुले कंटाळतात. इथे पत्र खरोखर जाणार असते आणि समितीतले काका ते वाचून उलट प्रश्न विचारणार असतात. पहिला मसुदा मुले स्वतःच खोडतात. समितीला आधी सांगून ठेवा, की पत्राला उत्तर द्या, ‘पैसे नाहीत’ असे असले तरी लेखी द्या. उत्तर न आलेले पत्र मुलांना लिहिण्यावरचा विश्वास गमवायला शिकवते.

नोंदीबद्दल दोन गोष्टींवर मी हटून बसते. एक, वेळ. हवामान खात्याची चोवीस तासांच्या पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते. तुमची शाळा तेव्हा भरत नसेल तर परिपाठाची वेळ धरा, पण रोज तीच. दोन, शून्य. तुमच्याकडे जून-जुलैत कित्येक दिवस कोरडे जातील. मुलांना वाटते, पाऊस नाही म्हणजे लिहायला काही नाही. पाऊस पडला नाही तर ‘०’ लिहायचे, आणि पाहिलेच नाही तर जागा रिकामी ठेवून ‘नोंद नाही’ असे लिहायचे. या दोन्हींतला फरक पाचवीतल्या मुलाला कळला तर त्याला विज्ञानातला प्रामाणिकपणा कळला असे मी समजते. सोमवारी मापकात शनिवार-रविवारचा एकत्र पाऊस असेल. तो एका दिवसाच्या रकान्यात कसा लिहायचा, हे वर्गाने चर्चा करून ठरवावे. शाळेशेजारी राहणारे एखादे मूल रविवारी नोंद घ्यायला तयार होते, बहुतेक गावांत असेच घडते.

आता आजी-आजोबा. आलेख काढताना महिन्यांचे स्तंभ न करता नक्षत्रांचे करा. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मिळतात. प्रत्येक नक्षत्र साधारण साडेतेरा दिवसांचे का, याचे उत्तर ३६५ भागिले २७ मध्ये आहे, आणि भागाकार करायला याहून चांगले कारण मला माहीत नाही. पुनर्वसूला तरणा पाऊस आणि पुष्याला म्हातारा पाऊस का म्हणतात, यंदाचे वाहन कोणते, ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ असे का म्हणायचे, हे मुले घरी विचारून लिहून आणतात. मुलाखतीचे प्रश्न आधी वर्गात तयार करा, नाहीतर मुले ‘आजी, पावसाबद्दल सांग’ एवढेच विचारतात आणि आजी ‘काय सांगू बाळा’ म्हणते. तुमच्या भागात पावसाचा मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो, ज्वारीची पेरणी त्यावर असते. नक्षत्रांच्या आलेखात उत्तरा-हस्ताचे स्तंभ उंच दिसले की आजोबांचे बोलणे आणि मुलांचे आकडे एकाच कागदावर येतात. म्हण खरी की खोटी हे मात्र एका वर्षाच्या आकड्यांवर ठरवू देऊ नका. पुढच्या वर्षीच्या पाचवीला वही द्यायची, हे मुलांनाच सुचते.

भूगोल तुमच्या जिल्ह्यातच पडलेला आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि माणला पाचशेच्या आसपास, एकाच जिल्ह्यात. मातीचा सह्याद्री करा, पश्चिमेकडून ढग कसे चढतात आणि पूर्वेकडे येईपर्यंत रिकामे कसे होतात ते त्यावर बोट फिरवत सांगू द्या. इथे चित्रकला, मातीकाम कामाला येते, कारण उताराचा आकार चुकला तर सांगणे जमत नाही. वर्तमानपत्रात महसूल मंडळनिहाय पाऊस छापून येतो, तो शेजारी लिहा. आपल्या मापकात बारा आणि मंडळाच्या आकड्यात तीन असे बऱ्याचदा दिसेल. डाळिंबाची बाग असलेल्या घरातल्या मुलाला हे लगेच समजते, कारण फळपिकाच्या हवामान आधारित विम्यात कोणत्या केंद्राचा आकडा धरतात यावर त्याच्या घरी बोलणे झालेले असते. नागरिकशास्त्राचा पाठ इथून उघडा, पुस्तकातून नंतर वाचा.

वेळेचे गणित. रोज परिपाठानंतर दहा-पंधरा मिनिटे नोंदीला आणि आठवड्यातून दोनदा जोडतासिका, एवढे पुरते. बाकीचे तास नेहमीसारखेच चालू द्या. पाढे, भागाकाराची रीत, वाचनाचा ओघ, शुद्धलेखन यांना रोजचा स्वतंत्र सराव लागतो. उपक्रमातून सगळेच आपोआप येते असे सांगणारे प्रशिक्षक भेटले तर त्यांचे ऐकू नका. ३६५ भागिले २७ का करायचे हे पावसाने सांगितले, पण तो भागाकार न अडखळता यायला पन्नास भागाकार करावेच लागतात. फरक एवढाच, की आता मुलाला ते कशासाठी चालले आहे हे माहीत असते. घटक नियोजनात मी आधी पाचवीच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलांना काय यायला हवे याची यादी, समोर ठेवते आणि पावसाच्या कामात ज्या खरोखर येतात त्यांवर खूण करते: दशांश अपूर्णांक, मापन, क्षेत्रफळ, घडणी, आलेख, औपचारिक पत्र, मुलाखत, जलचक्र, नकाशा. रोमन संख्या येत नाहीत. त्या वेगळ्या शिकवायच्या, ओढून आणायच्या नाहीत.

नोंदवहीची काळजी करू नका. आकारिक, म्हणजे शिकताना चालू असणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय हे सगळे आहेच. एकाच कामाच्या नोंदी निरनिराळ्या विषयांत जातात: मापकाचे वाचन परिसर अभ्यासात प्रात्यक्षिक म्हणून, आलेख गणितात, पत्र आणि मुलाखत भाषेत. खरा धोका दुसराच आहे. गटात दोन हुशार मुले सगळे करतात आणि बाकीची खुणा रंगवतात. फोटोत सगळेच दिसतात, त्यामुळे हे लक्षात येत नाही. यावर माझा नियम असा, की हाताचे काम गटात आणि वाचन-लेखन एकेकट्याने. मापक रोज एकच मूल वाचेल, पाळीपाळीने, आणि त्याने आकडा सांगेपर्यंत बाकीच्यांनी बोलायचे नाही. डोळे पाण्याच्या पातळीसमोर आणतो का, शून्याच्या रेघेपासून मोजतो का, अर्धी खूण कशी लिहितो, एवढे तीन मुद्दे तुम्ही बघायचे. महिन्याभरात प्रत्येकाबद्दल तुमच्याकडे नोंद असते, आणि कुणाला दशांश कळलेला नाही हे चाचणीआधीच कळते. केंद्रप्रमुख आले की त्यांना तक्ता दाखवू नका, एखाद्या मुलाला मापकाजवळ घेऊन जाऊ द्या.

हे काही नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेले खूळ नाही. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षणाचा, आराखडा केला, आणि हस्तोद्योगाभोवती विषय गुंफण्याला ‘समवाय’ म्हटले गेले. पुढे कित्येक शाळांत टकळीवर सूत कातणे हा एक वेगळा तास होऊन बसला आणि बाकीचे विषय पूर्वीसारखेच चालले. माझ्या मते तिथे समवाय संपला. सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन शाळा ते काम पुन्हा जिवंतपणे करते आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून मुलांच्या हातात शेती, बांधकाम, वीज, आरोग्य यांची खरी कामे दिली, जी गावाच्या उपयोगी पडतात. दोन्हीकडे मला एक गोष्ट सारखी दिसते: मुलांनी केलेले कुणीतरी वापरते. म्हणून मी पन्हळीच्या पत्रावर एवढा भर देते. नव्या धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. ते एकेक सुटे न घालवता अशा एका कामाला जोडले तर उपयोगी पडतील.

दिवाळीनंतर पाऊस नसतो, तेव्हा काठीची सावली घ्या. मैदानात ओळंब्याने सरळ काठी रोवा आणि साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीचे टोक खुणावा. सावली सर्वांत आखूड बाराला होईल असे सगळे सांगतात. ती होते साडेबाराच्या आगेमागे, नोव्हेंबरात थोडी आधी, फेब्रुवारीत पाऊणच्या सुमारास. घड्याळ चुकले की सूर्य? भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, तुमचे गाव साधारण साडेचौऱ्याहत्तर अंशांवर. आठ अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटे. इतिहासही इथेच भेटतो: प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, तरी मुंबईत तिला विरोध झाला आणि १९५५ पर्यंत तिथे ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ वापरात होती. ती ३९ मिनिटे नेमकी कुठून आली, हे मुलांना मुंबईचा रेखांश बघून काढता येते. या कामात कविता घुसवू नका, तिची इथे गरज नाही.

जोडवर्गाचे सांगायचे राहिले. चौथीने उंची मोजायची, पूर्ण मिलिमीटरमध्ये, आणि चित्रालेख काढायचा. पाचवीने दशांशात वाचायचे, क्षेत्रफळ आणि लिटरचा हिशेब करायचा. पत्राचा मसुदा पाचवीचा, दुकानातले दर आणि मुलाखती दोघांच्या मिळून. पाचवीतल्या मुलाने चौथीतल्याला मापक वाचायला शिकवायचे, म्हणजे पुढच्या जूनमध्ये तुम्हाला नव्याने सुरुवात करावी लागणार नाही. या वर्षी निम्मा पावसाळा गेला असेल तरी थांबू नका. तुमचा खरा पाऊस अजून यायचा आहे, उत्तरा लागायच्या आत चार बाटल्या कापून ठेवा.